अप्पांचा निमआराम मासा

या, असे जवळ या बघू. दारातूनच "बरं हाय ना, अक्का?" म्हणायचं आणि चप्पलसुद्धा न काढता पळायचं, ही कुठली रीत? मोबाइल घेऊन तासन्‌तास बसता, माणसापाशी बसायचं म्हणलं की तुम्हाला कामं आठवतात. बसा. चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत आमच्या शेजारच्या अप्पांची ओळख करून देते.

तशी ती करून द्यायची गरज पडत न्हाई. गल्लीच्या तोंडाशी आलात की आवाज येतोच. "लक्ष द्या! भाजीचा गाडा मारुतीच्या देवळापासून सुटलेला आहे. कोथिंबीर घेणाऱ्यांनी पिशवीसह तयार राहावं!"

हेच अप्पा. नाव गुरुलिंगप्पा. इथं उमरग्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे माइकवरून सांगण्यात जन्म गेला. रिटायर झाले तेव्हा माइक स्टँडवर राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे यायचे होते, तर हे ओट्यावरून गर्जले, "सोलापूरकडून येणारे पाहुणे उशिरानं धावत आहेत!" पाहुणे तेव्हा कोपऱ्यावर आमचंच घर विचारत उभे होते. मुलाच्या बापाला एवढं हसू आलं की निम्मी बोलणी तिथंच झाली.

अप्पांच्या लेखी माणूस म्हणजे गाडीच. कुणी आजारी पडलं की ते ब्रेकडाउन. उपास असला की "आज गाडी डेपोत." आमच्या जाऊबाई एका दमात बोलतात, त्या विनाथांबा.

तर हे अप्पा चष्मा करायला सोलापूरला गेले आणि येताना मांडीवर पाण्याची पिशवी घेऊन आले. पिशवीत मासा. हिरवट निळा, शेपटी अशी की लग्नातल्या शालूचा पदर सोडलाय. फायटर म्हणतात म्हणे त्याला.

"कंडक्टरला विचारलं मी," अप्पा सांगत होते, "याचं तिकीट हाफ का फुल? तर गडी म्हणतो, काका, उभा राहून प्रवास करणार असंल तर फुकट."

"आणि चष्मा?" मी विचारलं.

"चष्मा पुढच्या फेरीला."

माशाचं नाव ठेवलं निमआराम, एसटीच्या त्या गाडीवरून. घटकाभर पोहायचा आणि पाण्यात सोडलेल्या पानावर रेलून पडायचा, म्हणून. काचेची पेटी आली, ती टीव्हीच्या स्टुलावर बसली. टीव्ही गेला जमिनीवर. तळाला घालायला बारीक खडे आणले आणि ते तांदूळ धुतल्यागत सात पाण्यांनी धुतले. मासा उडी मारतो असं दुकानदारानं सांगितलेलं, म्हणून वर पुरणाची चाळण झाकली. त्याला मशीनचं बुडबुड पाणी लागत न्हाई, तो आपला वर येऊन हवेचा घोट घेतो. खायला बारीक दाणे, मोहरीएवढे. ते बघून अप्पांचा जीव तुटला.

"पाहुण्याला एवढ्यावर ठेवू?" म्हणाले आणि भाकरीचा चुरा टाकला. माशानं तोंडात घेतला आणि थुंकला. "सोलापूरचा असून ज्वारी खाईना! कसा निभावणार आपल्यात?"

मी म्हणलं, "अजून एक आणायचा अप्पा, जोडी झाली असती."

"चालत न्हाई अक्का. दुसरा दिसला की मारामारी. एक सीट, एक प्रवासी." एवढं बोलून उगीच चाळण सरळ करत बसले.

आता आमच्याकडची एक गोष्ट तुम्हाला सांगायला पाहिजे. इथं नळ रोज येत न्हाई, आठवड्यानं येतो. आणि आला की सण! साठवलेलं सगळं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, घागरी, बॅरल, माठ सगळं घासायचं आणि ताजं भरायचं. ज्या बाईनं शिळं ओतलं न्हाई ती आळशी. गल्लीत असली आळशी एकच, नसीम भाभी. मालक ट्रकवर, घरात दोन म्हाताऱ्या माणसांचं करायचं. ती बॅरल घासत बसत न्हाई. त्यावरून अप्पांनी कितीदा पुकारलं असंल, "नसीम भाभींचा बॅरल गेल्या आठवड्यापासून फलाटावरच उभा आहे!" भाभी आतूनच भांडं आपटायची.

त्या दिवशी नळ आला. अप्पांनी पुकारा केला, आमी सगळ्यांनी शिळं ओतलं, भरून घेतलं, हुश्श केलं. मी भाकरी टाकत होते, तर अप्पा दारात. हात ओले, नाकावर घाम.

"अक्का, जरा येता का?" एवढंच म्हणाले, तेही हळू. इतक्या वर्षांत त्या माणसाला हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं. तवा उतरवला आणि गेले.

पेटी लख्ख. खडे लख्ख. नळाचं ताजं पाणी काठोकाठ, त्याला ब्लीचिंगचा वास. मासा वर आडवा, कल्ले धपापतायत, रंग धुतल्या फडक्यासारखा.

"शिळ्या पाण्यात कसा ठेवू त्याला?" अप्पा म्हणाले. "आपण नवं प्यायचं आणि त्यानं जुनं?"

दुकानदाराला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, "अहो काका, सगळं पाणी बदलत असतात का? ब्लीचिंग मारायच्या थेंबांची बाटली देत होतो तर पाण्यात औषध नको म्हणालात! आता साठवलेलं पाणी घ्या, दोन-तीन दिवसांचं, ब्लीचिंग उडून गेलेलं, आणि त्यात टाका. लवकर!"

शिळं पाणी! मी घरोघर विचारत सुटले. सगळ्यांच्या घागरी चकाचक, सगळं पाणी आजचं. "शिळं?" बायका माझ्याकडं बघायच्या. "अक्का, आमच्या घरात कधी शिळं असतं का?"

राहिलं एकच घर. अप्पा स्वतः गेले तिथं.

"भाभी, पाणी पाहिजे."

"आज नळ आला ना, अप्पा?"

"शिळं पाहिजे."

भाभीनं कमरेवर हात ठेवले. "मेरे बासी पानी को नावां रखते थे ना तुम? भोंगा लगाको?"

"व्हय. ठेवत होतो," अप्पा म्हणाले. "मासा जातोय, भाभी."

तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि कळशी बॅरलात बुडवली. त्यांच्या हातात दिली न्हाई. स्वतःच घेऊन निघाली, पळतच.

पातेल्यात तिचं पाणी ओतलं, वाटीनं मासा उचलून त्यात सोडला. मग आमी तिघं पातेल्याभोवती बसलो. भाकरीचा तवा तिकडं गार झाला, भाभीच्या सासूबाई तिकडून हाका मारत होत्या. अप्पांनी एकदाही मान वर केली न्हाई. बऱ्याच वेळानं शेपटी हलली, आणि तो तिरका तिरका वर येऊन हवेचा एक घोट घेऊन गेला.

"लिया! दम लिया उसने!" भाभी ओरडली. अप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. घाम होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धपाटे घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत कुणीतरी बोलत होतं, अगदी मऊ आवाजात. अप्पा पातेल्याशी उकिडवे बसलेले आणि माशाशी कन्नडमध्ये बोलत होते. "ऊट आतेन? अंजब्याड." जेवलास का, भिऊ नको. एवढं कन्नड मला कळतं, सीमेवरची माणसं आमी.

त्यांच्या मंडळी, महादेवी, पलीकडं कर्नाटकातल्या आळंदकडच्या. त्या घरात नवराबायको दोघं बोलायचे ते कन्नडच. महादेवी गेल्या, त्यानंतर त्या घरातून एक कन्नड शब्द मी ऐकला नव्हता. मुलगा पुण्याला, तो फोनवर मराठी बोलतो, नातवंडं इंग्रजी.

मला बघून अप्पा ओशाळले. "याला अजून मराठी नीट समजत न्हाई, अक्का."

"शिकंल की हळूहळू," मी म्हणलं.

"नको," अप्पा म्हणाले. "राहू द्या तसाच."

घ्या, चहा झाला. पण तुम्हाला विचारायचं राहिलंच, कन्नड येतं का हो? मोडकंतोडकं चालंल. माझं दोन वाक्यांत संपतं, आणि मासा ऐकून घेतो पण उत्तर देत न्हाई. तेव्हा पुढच्या खेपेला सवड काढून या, चप्पल काढून बसा आणि अप्पांना एवढंच विचारा, ऊट आतेन? लवकर या मात्र.