सजावटरावांची प्रशस्त खोली

"घर लहान नसतं, बघणाऱ्याची नजर लहान असते!" असं सजावटरावांनी शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केलं आणि जाहीर करताना दोन्ही हात पसरले. उजवा हात भिंतीवर आपटला, डावा बायकोच्या चष्म्याला लागला. खोलीच तेवढी होती.

सजावटराव हे नाव त्यांना दुकानातल्या लोकांनी ठेवलेलं. दुकान फर्निचरचं. गिऱ्हाइकाने हरखून जावं म्हणून तिथे नमुन्याच्या खोल्या मांडलेल्या असत, आणि त्या मांडायच्या सजावटरावांनी. त्या खोल्यांत कोणी झोपत नाही, कोणी कांदा चिरत नाही, कोणी ओला टॉवेल खुर्चीवर टाकत नाही, त्यामुळे त्या फार देखण्या दिसत. बारा वर्षं हे काम करून सजावटरावांची अशी पक्की समजूत झाली होती, की घराची शोभा घालवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे घरात राहणारी माणसं.

त्यांचं स्वतःचं भाड्याचं घर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि एक खिडकी, तीसुद्धा शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपांकडे तोंड करून. खोलीत पलंग, आणि पलंगातून जी काही जागा उरली तिच्यात बायकोचं शिलाई मशीन. दोन्हींच्या मधून जायचं तर अंग चोरून, एका कुशीने. त्या मशीनवर बायको गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पडदे, पँटी आणि शाळेचे गणवेश शिवायची. गिऱ्हाईक सगळं चालत येणारं. घर गेलं की गल्ली गेली आणि गल्ली गेली की गिऱ्हाईक गेलं, हा हिशेब तिला पाठ होता. म्हणूनच घरमालकीणबाईंचा फोन आल्यापासून तिने एकच गणवेश दोनदा उसवला होता.

"करार संपतोय ना? रविवारी सकाळी दहाला येते. जरा बोलायचंय," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला होता. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या "जरा बोलायचंय"ला एके काळी शिक्षकसुद्धा घाबरत म्हणे.

"मला वाटतं, सरळ सांगून टाकावं," बायको म्हणाली. "म्हणावं, जागेची फार अडचण होते. भिंतीला एक फळी तरी ठोकू द्या."

"वेडी आहेस का? आपल्या आधीच्या भाडेकरूने नळ गळतो म्हणून तक्रार केली. काय झालं? महिन्याभरात घर सोडलं त्याने!"

"त्याची बदली झाली होती."

"बदली!" सजावटराव कीव आल्यासारखे हसले. "किती भोळी आहेस गं! घरमालकाला सुखी भाडेकरू हवा असतो. बाईंनी आत पाऊल टाकलं की त्यांना वाटलं पाहिजे, या दोघांना इथून हलवणं म्हणजे पाप!"

"आणि खर्च?"

"डोकं वापरलं की खिसा वापरावा लागत नाही!" सजावटराव म्हणाले. या वाक्यावर ते स्वतःच इतके खूश झाले की रात्री जेवताना त्यांनी ते आणखी दोनदा ऐकवलं.

शनिवारी दुकानातून हातगाडीभर टाकाऊ माल आला. कोपऱ्याला तडा गेलेला पुरुषभर उंचीचा आरसा, छतापासून जमिनीपर्यंत लोळणारा पांढरा पडदा आणि एक अतिशय बुटका सोफा. सोफा बुटका असला की छत उंच वाटतं, असं शास्त्र आहे. तो बसण्यासाठी नसतो, हेही त्या शास्त्रात असणार, पण तेवढ्यापुरतं सजावटरावांनी पान उलटलं असावं. मग त्यांनी हुकूम सोडला, घरात जे जे कामाचं आहे ते ते बाहेर!

बाहेर म्हणजे समोरच्या घरात. समोर वहिनी, त्यांचा नवरा आणि दोन मुलं राहत. खोली एवढीच. तिथे दोन ट्रंका गेल्या, कापडाच्या तुकड्यांची दोन पोती गेली, इस्त्रीचं टेबल गेलं, बादल्या गेल्या आणि शेवटी मशीनही गेलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, वहिनी!"

"असू द्या हो, भावजी," भिडस्त वहिनी म्हणाल्या. मुलांना बसायला जमीन उरली नव्हती, म्हणून त्यांनी त्यांना पोत्यांवर बसवलं.

राहता राहिला पलंग. तो काही समोरच्या दारातून आत जाईना. रविवारी सकाळी उठल्याउठल्या सजावटरावांनी तो भिंतीला उभा केला, वरून पांढरा पडदा सोडला आणि पडद्यामागे पिवळा दिवा लावला. भिंतीतून कोवळं ऊन येतंय असं वाटायला लागलं. बायकोलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

"पण पलंग घसरला तर?" तिने विचारलं.

"अगं, बारा वर्षं हेच करतोय मी!"

"तिथे पलंग विकायचे असतात. लपवायचे नसतात."

दहाला येणाऱ्या बाई सव्वादहाला आल्या. जन्मात कधी उशीर न केलेल्या बाईंना उशीर का झाला, हा प्रश्न सजावटरावांना पडायला हवा होता. पण ते आरशात भांग बघत होते.

"अगंबाई! एवढी मोठी आहे ही खोली?" बाई दारातच थबकल्या.

"आपलीच आहे, बाई!" सजावटराव कमरेत वाकून म्हणाले. "या, बसा!"

बाई सोफ्यावर बसायला गेल्या आणि बराच वेळ खाली जात राहिल्या. शेवटी टेकल्या तेव्हा गुडघे हनुवटीशी आले होते. पण बाई करारी. त्यांनी पर्स गुडघ्यांवर ठेवली आणि तशाच अवस्थेत खोलीवर नजर फिरवली. नजर पडद्यावर थांबली.

"इथे खिडकी कधी पाडलीत?"

सजावटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांनी ही इमारत बांधली त्यांनाच आपण खोटी खिडकी दाखवतोय, हे दोन दिवसांत त्यांच्या सुपीक डोक्यात एकदाही आलं नव्हतं!

"करारात खिळा ठोकायला बंदी आहे," बाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आणि तुम्ही माझी भिंत फोडलीत?"

"नाही हो बाई! दिवा आहे, नुसता दिवा! हे बघा!" सजावटराव धावले, त्यांनी बटण दाबलं आणि सूर्य मावळला. पण धावताना पाय पडद्यात अडकला. पडद्यामागे काहीतरी करकरलं. सजावटरावांनी विजेच्या चपळाईने पडद्याला पाठ लावली. पलंगाचा अख्खा भार त्यांच्या खांद्यांवर आला.

"हा कसला आवाज?"

"माझे गुडघे, बाई. वय!"

"मग बसा ना."

"नको! दुकानात दिवसभर उभं राहायची सवय आहे. बसलं की चैन पडत नाही."

बाईंनी पर्स बाजूला ठेवली. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "खोटी खिडकी लावलीत, म्हणजे खिडकीची हौस दिसते तुम्हाला."

सापळा! सजावटरावांनी लगेच ओळखला. "छे छे! एक आहे तीच जास्त होते. खिडकी म्हटली की धूळ आली!"

"दोघांना जागा पुरते का?"

"बाई, खरं सांगायचं तर..." बायकोने तोंड उघडलं.

"खरं सांगायचं तर उरते!" सजावटराव ओरडले. "कधी कधी एकमेकांना शोधायला लागतं आम्हाला!"

पलंग आणखी दोन बोटं पुढे आला. सजावटरावांनी टाचा जमिनीत रोवल्या. कपाळावर घाम आला, पण चेहऱ्यावर त्यांनी दुकानातलं हसू आणून ठेवलं.

"आणि तुझं मशीन गं?" बाई बायकोकडे वळल्या. "माझ्या नातीचा फ्रॉक तूच शिवलास ना? कुठे दिसत नाही मशीन."

"सोडलं तिने!" बायकोच्या आधी सजावटराव बोलून गेले. "शिवण सोडलं! हौस होती, फिटली!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर दुकानात लावली असती तर गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

"असं होय?" बाईंनी सुस्कारा सोडला आणि हात पुढे केला. बायकोने दोनदा हिसका दिला तेव्हा त्या सोफ्यातून बाहेर आल्या. "मग माझा प्रश्नच सुटला. तुमचा करार आहे तसाच चालू ठेवू. भाडंही तेच."

सजावटरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू त्यांनी किल्लाच सर केला होता. बाई दारापाशी गेल्या आणि समोर पाहून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? वरचं घर तुम्हाला दिलं! शब्द माझा!"

समोरून वहिनींचा नुसता "अगं आई!" एवढाच आवाज आला.

"वरचं घर?" बायकोने विचारलं.

"अगं, पुढच्या महिन्यात वरच्या दोन खोल्या रिकाम्या होतायत. तीन खिडक्या आहेत. एवढ्याच भाड्यात देणार होते. खरं तर मनात तूच होतीस. म्हटलं, पोरगी दिवसभर अंधारात सुईवर डोळे फोडून घेते, तिला उजेड मिळू दे. पण येताना समोर डोकावले. बाप रे! ट्रंका काय, पोती काय, मुलं बिचारी पोत्यांवर बसून अभ्यास करतायत, आणि मधोमध एक शिलाई मशीन! म्हटलं, आधी तुमच्याकडे बघू, ज्याला गरज जास्त त्याला घर. आणि तुम्ही तर इथे लोळताय!"

"बाई! ते सामान आमचं आहे!" असं म्हणत सजावटराव एक पाऊल पुढे आले.

तेवढं एकच पाऊल पलंगाला हवं होतं. धडाम्! पडदा, दांडी, दिवा आणि पलंग एकदमच खाली आले. सजावटराव कसेबसे वाचले. धूळ बसली तेव्हा खोली पुन्हा मूळच्या मापाची झाली होती, आणि बाईंच्या पायांशी पलंगाची कड येऊन टेकली होती.

बाईंनी पलंग पाहिला, पडदा पाहिला, सजावटराव पाहिले.

"मशीन तुझं?"

"माझं," बायको म्हणाली.

"शिवण सोडलंस?"

"नाही, बाई."

"मला वाईट वाटतं गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण त्या घरात चार माणसं आहेत आणि मी शब्द दिलाय. तुझ्या नवऱ्याने पेपर लिहून हातात दिला. तपासून झाल्यावर उत्तरं बदलता येत नाहीत."

बाई गेल्या. बायको पलंगावर बसली आणि रडली. तोंड लपवून नाही, चांगली मोठ्याने रडली. सजावटराव पडद्याची घडी घालत राहिले. मग तिने डोळे पुसले, पलंगावरून पलीकडे उतरली आणि समोर गेली. वहिनी दारातच हात चोळत उभ्या होत्या.

"मी बोलायला हवं होतं हो," वहिनी म्हणाल्या. "पण त्या म्हणाल्या, किती अडचण! मी म्हटलं, आहे खरी."

"तुमचं काही चुकलं नाही, वहिनी. फक्त एक करा. माझं मशीन आता तुमच्याबरोबर वर जाईल, खिडकीपाशी. मी रोज येऊन शिवेन."

वहिनींनी तिचा हात घट्ट धरला. त्यांच्या जिवावरचं ओझंच उतरलं.

वहिनी वर राहायला गेल्या, तेव्हापासून बायको सकाळी नऊला वर जाते, ती दिवे लागल्यावर उतरते. तीन खिडक्यांचा उजेड, बोलायला वहिनी, काम दुप्पट. खालची खोली मात्र आता खरोखरच प्रशस्त झाली आहे. सुट्टीच्या दिवशी सजावटराव तिच्यात एकटेच असतात. चहाची वेळ झाली की दोन जिने चढतात आणि हळूच दार वाजवतात.

"कोण?" बायको मशीन न थांबवताच विचारते.

"मीच आहे गं."

"दारातच थांबा," आतून उत्तर येतं. "गिऱ्हाईक बसलंय. आत जागा नाही."