नॉर्डबीत कुणालाच वास आला नाही

"त्याला आत घेऊ नकोस!" आर्लिस स्वयंपाकघरातून ओरडली. पण तोवर ऑर्डेल स्काउगने मागचं दार उघडलं होतं आणि बिशप आत आला होता.

बिशप म्हणजे त्यांचा काळाकुळकुळीत लॅब्राडोर. चालण्यात धर्मगुरूचा रुबाब, म्हणून हे नाव. त्या सकाळी मात्र रुबाबाचा पत्ता नव्हता. डोळे मिटलेले, तोंडाला फेस, आणि अंगाला असा वास की जळक्या टायरात कुणीतरी पोतंभर लसूण कुजत घातलाय. कोठाराखाली बिऱ्हाड केलेल्या स्कंकने, म्हणजे मांजराएवढ्या त्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याने, शेपूट वर करून थेट त्याच्या थोबाडावर पिचकारी मारली होती. आल्या आल्या बिशपने तोंड आधी गालिच्याला पुसलं, मग सोफ्याला, आणि शेवटी खुर्चीवर इस्त्री करून ठेवलेल्या निळ्या कोटाला.

तो कोट दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीसाठी होता. नॉर्डबीच्या उन्हाळी मिरवणुकीत उघड्या मोटारीत बसायचा मान दर वर्षी गावातल्या एकालाच मिळतो, आणि यंदा तो ऑर्डेलला मिळाला होता. उभा जन्म त्याने गावचा आगीचा बंब चालवला. मिनेसोटाच्या हिवाळ्यात, पाइपातलं पाणी गोठत असताना, त्याने किती जणांची कोठारं वाचवली याला गणती नाही. मान त्याचाच होता, यात दुमत नव्हतं. शेजारी बिशप बसणार हेही ठरलेलं होतं.

"फोन करून सांगून टाक," आर्लिस म्हणाली. "म्हणावं, कुत्र्याला स्कंकने धरलं. होतं असं. या गावात कुणाच्या कुत्र्याला झालं नाही?"

"आपल्या!" ऑर्डेल म्हणाला.

खरं दुखणं तिथे होतं. ऑर्डेल माणूस सोन्यासारखा, पण फुशारकी मारायला लागला की आवरत नसे. कॅफेत बसून तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, "स्कंक बिचारा आधी पाय आपटून सांगतो. वळण असलेला कुत्रा मागे फिरतो. कुत्रा मालकावर जातो, दुसरं काय!" गेल्या साली किराणावाल्या व्हर्लिनच्या कुत्र्याला प्रसाद मिळाला, तेव्हा ऑर्डेलने त्याला कॅफेत बसू दिलं नव्हतं. कॉफीचा कप बाहेर पायरीवर नेऊन दिला होता, आणि वर शेरा मारला होता, "वळण, व्हर्लिन, वळण!" आता बिशपची गोष्ट गावात फुटली, तर मोटारीतून मान मिरवण्याऐवजी मान खाली घालून बसावं लागणार होतं.

"टोमॅटोचा रस?" आर्लिसने विचारलं.

"त्याने कुत्रा लाल होतो, बाकी काही होत नाही. औषध एकच. पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांडी घासायचा साबण."

साबण घरात होता. उरलेल्या दोन वस्तू आणायच्या म्हणजे पंचाईत होती. पेरॉक्साइड आणि सोडा या दोन्ही वस्तू नॉर्डबीत एका पिशवीत दिसल्या, की पिशवी घरी पोचायच्या आत गावभर होतं, "अमक्याच्या कुत्र्याला धरलं." पण ऑर्डेल आयुष्यभर आगींशी डोकं लढवलेला माणूस. त्याने बेत केला: पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातून घ्यायचं आणि सोडा व्हर्लिनकडून. ही दोन दुकानं एकमेकांशी बोलणार आहेत थोडीच! आपल्या अंगाला किती वास येतोय हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या वासात माणूस थोडा वेळ राहिला की नाकच राजीनामा देतं.

औषधाच्या दुकानात डोरीन होती. मिरवणुकीच्या समितीची प्रमुखही तीच. ऑर्डेल आत आला तशी तिने शांतपणे पंखा सुरू केला आणि दाराला वीट लावून दार उघडं ठेवलं.

"गरम होतंय नाही आज?" ती म्हणाली.

"हो ना. पेरॉक्साइड दे. असतील तेवढ्या बाटल्या दे."

"एवढं? काय झालं?"

"पाय कापला."

"अगं बाई! कशाने?"

"कुऱ्हाडीने," ऑर्डेल म्हणाला, आणि म्हणाल्याबरोबर त्याला लंगडायची आठवण झाली.

"टाके घातले का?"

"छे! टाके कशाला? खरचटलंय नुसतं."

"कुऱ्हाडीने खरचटलं," डोरीन म्हणाली. "बरं मग. जप हं."

पुढे व्हर्लिन. त्याने मान वर केली, एकदा दीर्घ श्वास घेतला आणि तो लगेच सोडून दिला.

"सोडा?" व्हर्लिन म्हणाला. "भरपूर लागतोय."

"आर्लिस केक करतेय."

"भरपूर केक करतेय."

"भरपूर."

"उद्याच्या चर्चच्या टेबलासाठी? देव तिचं भलं करो रे! केक कमीच पडत होते. मी आत्ताच कळवतो त्यांना."

ऑर्डेल लंगडत बाहेर पडला. घरी आल्यावर त्याने आर्लिसला केकची बातमी दिली. आर्लिसने अंडी अशी फोडली की एकेक अंडं ऑर्डेलच्या टाळक्यावर फुटल्यासारखं वाटलं.

परसातल्या मोरीत बिशपला उभं करून ऑर्डेलने औषध कालवलं, नाकापासून शेपटापर्यंत चोपडलं आणि चोळलं. हे औषध थोडाच वेळ ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पाण्याचा पाइप तो आणायला निघाला, तेवढ्यात पुढच्या दारात मोटारी थांबल्याचे आवाज आले.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की दोन गोष्टी होतात. तो म्हणतो, "काही विशेष नाही," आणि लोक हॉटडिश घेऊन येतात. खिमा, बटाटे, वर डब्यातलं मशरूमचं सूप, सगळं एकाच थाळ्यात भाजलेलं. कुऱ्हाडीने पाय कापलेल्या बंबवाल्यासाठी तर अख्ख्या गावाच्या भट्ट्या पेटल्या होत्या.

"बांध!" आर्लिसने ओढणीसारखा मोठा टॉवेल त्याच्याकडे फेकला. "पायाला गुंडाळ आणि बस. आता बस तू!"

ऑर्डेल टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसला. बायका आल्या, पाठोपाठ त्यांचे नवरे आले, पाद्री आले. सगळे त्याच गालिच्यावर उभे राहिले आणि त्याच सोफ्यावर बसले. कुणी नाक मुरडलं नाही.

"घर छान ठेवलंयस, आर्लिस," एक जण म्हणाली आणि खिडकीजवळ जाऊन उभी राहिली.

"बाहेरची हवा काय सुंदर आहे," दुसरी म्हणाली आणि दाराकडे सरकली.

"जखम बघू का?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"नको, नको. बघण्यासारखी नाही," ऑर्डेल म्हणाला.

"उजवा पाय ना? डोरीन म्हणाली डावा."

"आधी डावा होता," ऑर्डेल म्हणाला, आणि पाद्रीबाबांनी गंभीरपणे मान हलवली.

कॉफी झाली. आमच्याकडे पहिल्या कपावर उठणं बरं दिसत नाही, म्हणून दुसरा झाला. "बरं मग, निघतो," म्हणून सगळे उठले आणि रीतीप्रमाणे दारात उभे राहून पुन्हा तेवढंच बोलले. बाहेर बिशप अंगभर औषध थापून उन्हात उभा होता, आणि ऑर्डेल आत टॉवेल कुरवाळत हसत होता. शेवटची मोटार वळल्याबरोबर तो मोरीकडे धावला. धावताना त्याने लंगडायचंही सोडून दिलं.

पाइपाचं पाणी अंगावरून ओघळलं आणि आतून एक वेगळाच कुत्रा बाहेर आला. दालचिनीच्या रंगाचा; पेरॉक्साइडने केसांचा काळा रंगच खाल्ला होता. कानांच्या टोकांपाशी आणि शेपटाच्या बुडाशी तेवढा काळा राहिला होता.

"ऑर्डेल," आर्लिस म्हणाली, "हा कोण?"

"उन्हाने उतरलाय रंग," ऑर्डेल खालच्या आवाजात म्हणाला. मग त्याने कुत्र्याच्या मानेत नाक खुपसून हुंगलं आणि त्याचा चेहरा उजळला. "पण वास गेला बघ! पार गेला! कोटाचाही गेला, मी वाऱ्यावर टाकला होता." आर्लिसनेही हुंगलं. तिचंही नाक केव्हाच कामावरून गेलेलं होतं, पण दिवसभर पाहुण्यांचे पाणावलेले डोळे तिने पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, डोरीनचा फोन आला.

"ऑर्डेल, एक बदल केलाय. तुझी मोटार पुढे नाही, शेवटी."

"शेवटी घोडे असतात," ऑर्डेल म्हणाला. मिरवणुकीत घोडे शेवटी का ठेवतात, हे कुणाला सांगायला नको. त्यांच्या मागून चालणाऱ्याला खाली बघून चालावं लागतं.

"घोड्यांच्याही मागे," डोरीन म्हणाली. "वारा समोरून आहे. म्हणजे, बँडवाल्यांना श्वास, म्हणजे... हे बघ, सगळ्यात मोठा माणूस शेवटी आला की शोभतं."

"हे तुम्हाला आधीच सुचायला हवं होतं," ऑर्डेल म्हणाला.

मिरवणूक निघाली. बँड गेला, ट्रॅक्टर गेले, घोडे गेले. घोडे जरा जास्तच वेगाने गेले. आणि मग उघडी मोटार आली. मागच्या बाजूला निळ्या कोटात ऑर्डेल, शेजारी आर्लिस, आणि मध्ये दालचिनी रंगाचा बिशप, मान वर करून बसलेला. आदल्या दिवशी त्या वासाची चव आमच्यातल्या काहींनीच घेतली होती. आता सगळ्या रस्त्याला वाढप झालं.

"बिशप वेगळा दिसतोय," कुणीतरी म्हणालं.

"यंदा ऊन फार आहे," व्हर्लिन मोठ्याने म्हणाला, मोटारीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "माझा कुत्रापण उतरलाय."

टोला द्यायचा दिवस व्हर्लिनला आयता मिळाला होता. त्याचा तो हक्कही होता. त्याने तो घेतला नाही, आणि त्या क्षणी त्याच्या गावचे असल्याचा आम्हाला जो अभिमान वाटला, तो आजही उतरलेला नाही.

पण मिरवणूक तिथे संपत नाही. नॉर्डबीचा रस्ता एवढुसा, सुरू होतो तोच संपतो. म्हणून आमची मिरवणूक टोकाला जाऊन वळते आणि त्याच रस्त्याने परत येते. पहिल्यांदा माणूस बेसावध सापडतो, त्याचं काही कौतुक नाही. दुसऱ्यांदा काय येतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चच्या सावलीत केक मांडलेले होते, थंड सरबत होतं, जायला निमित्त हवं तेवढं होतं. जागचं कुणी हललं नाही.

मोटार परत आली. आता वारा फिरून आडवा झाला होता. म्हातारेकोतारे खुर्च्यांतून उठून उभे राहिले. सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते. एवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका चिमुरडीचा हात नाकाकडे निघाला. तिच्या आईने तो मधेच धरला आणि हळूच वर नेऊन कपाळाला लावला. सलाम झाला. ते बघून शेजारच्याने सलाम केला, मग त्याच्या शेजारच्याने, आणि बघता बघता सगळा रस्ता सलाम ठोकून उभा राहिला.

ऑर्डेल मोटारीत उभा राहिला. त्याचेही डोळे भरून आले, आणि त्याचं नाक तर काही काम करत नव्हतं.

"आर्लिस, बघ," तो म्हणाला. "व्हर्लिन रडतोय."

"दिसतंय मला."

"अख्खं गाव रडतंय गं. माझ्यासाठी." त्याने कडक सलाम परत केला. मग ओठ न हलवता विचारलं, "कळलं का कुणाला काही?"

"कुणालाच नाही," आर्लिस म्हणाली. तिने त्या निळ्या कोटाच्या बाहीत आपला हात घातला, आणि त्याच्या पाठीमागून आम्हा सगळ्यांकडे बघून मान लववली. आम्हीही लववली.