गुणवंतभाऊ बॅग बांधतात

आमच्या गल्लीतलं कोणी परदेशी निघालं की शेवटचं काम गुणवंतभाऊंना बोलावण्याचं असतं. ते येतात, मोरीवर पाय धुतात, पंच्याने बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करतात आणि सरळ बॅगेवर उभे राहतात. दोन्ही पायांनी. मग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात असे इंचाइंचाने सरकत जातात. घरातली माणसं भिंतीला टेकून बघत असतात, कारण या वेळी बोललेलं त्यांना चालत नाही. एक फेरी झाली की ते खाली उतरतात, बॅगेच्या पोटावर दोन टिचक्या मारतात आणि निकाल देतात, "लय हवा हाय यात अजून."

हवेशी गुणवंतभाऊंचं जन्माचं वैर आहे. हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं प्रेसवर काढली. सरकी काढलेली रुई खोलीभर पसरलेली असायची आणि गुणवंतभाऊंचा प्रेस तिच्यातली हवा काढून तिची कमरेएवढी गाठ करायचा. वर पट्ट्या, पट्ट्यांवर मार्का, मार्क्याखाली नंबर. जगातली प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा निम्म्या जागेत बसू शकते, असं त्यांचं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. वर्तमानपत्रातलं पुढाऱ्याचं भाषण वाचूनही ते हेच म्हणतात. "बातमी दोन ओळीची हाय मॅडम, बाकी हवा."

मॅडम म्हणजे मी. शाळेत मराठी शिकवत होते, आता घरी असते आणि गुणवंतभाऊंच्या समोरच्या घरात राहते. त्यामुळे या माणसाचं पुष्कळसं मला न विचारता कळतं.

त्यांनी बांधलेली पहिली बॅग त्यांच्या मुलीची, मीनलची. मीनल नर्स. सेवाग्रामला नोकरी करता करता ती जर्मन शिकली आणि पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरात जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात गेली. त्या वेळी गुणवंतभाऊ नुकतेच रिटायर झालेले. प्रेस सुटला होता आणि हातात काही उरलं नव्हतं, तेवढ्यात ही बॅग आली. आठ दिवस त्या घरात दुसरं काही चाललं नव्हतं. अख्ख्या गल्लीने ती बॅग पाहिली. तेवीस किलोला एक मासा कमी नाही की जास्त नाही. सुईदोऱ्यापासून दिवाळीच्या साडीपर्यंत सगळं आत, आणि बाहेरून बघावं तर बॅग एखाद्या नव्या वहीसारखी सपाट. तेव्हापासून राऊतांचा मुलगा आयर्लंडला जावो की झाड्यांची सून दुबईला, बॅग गुणवंतभाऊंनीच बांधायची असा रिवाज पडला. भरायची म्हटलं तर त्यांना राग येतो. भरतात ती गोणी.

गेल्या वर्षी आमचाही नंबर लागला. मी आणि आमचे हे, दोघं एका टूर कंपनीबरोबर ऑक्टोबरात युरोपला निघालो. महिनाभर आधी गुणवंतभाऊंनी माझ्याकडून टूरचा कार्यक्रम मागून नेला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता करून आणला. वार, गाव, तिथलं तापमान, वरचं कपडं, खालचं कपडं, पायातलं. पॅरिससाठी त्यांनी माझी हळदी रंगाची साडी नेमली होती. त्यांचं म्हणणं, तिथल्या फोटोत मागे तो लोखंडी मनोरा येतो, काळपट, त्याच्यापुढे हळदीच उठून दिसते. बर्फाच्या डोंगरावर ह्यांनी पांढरा स्वेटर घालायचा नाही, हेही तक्त्यात लिहिलेलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "साहेब हरवले तं दिसाचे नाई."

मग ओल तपासणं. ओली रुई दाबली की गाठ आतून पिवळी पडते, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कपाटात वर्षभर पडलेलं कोरडं ठणठणीत कापडही ते अंगठा आणि तर्जनीत चुरगळून बघतात आणि मान हलवतात. आमचे सगळे कपडे दोन दिवस गच्चीवर उन्हात होते. हिंगणघाटचं ऑक्टोबरातलं ऊन म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. हळदी साडी एका बाजूने लिंबोणी झाली. गुणवंतभाऊ म्हणाले, फोटो दुसऱ्या बाजूनं काढजा.

बॅग मात्र त्यांनी अशी बांधली की विमानतळावरचा माणूस वजन बघून दोनदा बॅगेकडे बघत राहिला. इतकं सगळं एवढ्याशा पेटीत मावतं यावर त्याचा विश्वास बसेना. आम्ही दोघं तोऱ्यात पॅरिसला पोचलो. हॉटेलच्या खोलीत ह्यांनी बॅगेची चेन अर्धी ओढली, आणि उरलेली अर्धी आपोआप उघडली. झाकण उडालं. स्वेटर, साड्या, थर्मल, ह्यांच्या बंड्या, सगळं फुगून पलंगाच्या उंचीला आलं. आम्ही बघतच राहिलो.

ते परत बसेना. मी बसले, हे बसले, शेवटी आमच्या ग्रुपमधले अमरावतीचे एक गृहस्थ बसले, ते चांगले शंभर किलोंचे होते. बॅग बंद होईना. प्रेसमध्ये बांधलेली गाठ हाताने परत बांधता येत नाही, ही साधी गोष्ट आम्हा दोघांना आणि गुणवंतभाऊंना, कोणालाच सुचली नव्हती. पुढची सगळी टूर निम्मे कपडे दुकानातल्या पिशव्यांत आणि निम्मे बॅगेत, आणि बॅग माझ्या परकराच्या नाडीने बांधलेली, अशी झाली.

घरी आल्यावर मी त्यांना यातलं अक्षर सांगितलं नाही. बॅग कशी राहिली, म्हणून त्यांनी उत्सुकतेने विचारलं. छान राहिली, असं मी सांगितलं. माणूस इतक्या आशेने विचारत असेल तर खोटं बोलायला मला काही वाटत नाही.

आणखीही एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ती पुढे येईलच.

गुणवंतभाऊंच्या मोबाइलवर दोन गावांचं तापमान दिसतं. एक आपलं, एक मीनलचं. रोज सकाळी दूध घेऊन येताना ते आमच्या फाटकाशी थांबतात आणि आकडा सांगतात. "मॅडम, आज तिकडं सात." मे महिन्यात आपल्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं आणि हे सांगत असतात, आज तिकडं चौदा, पाऊस हाय. तिकडं म्हणजे कुठं, हे गल्लीत कोणी विचारत नाही. मीनल पाच वर्षांत एकदाच आली, दहा दिवसांसाठी. येताना पाठीवरची छोटी सॅक घेऊन आली आणि जाताना तेवढीच घेऊन गेली. गुणवंतभाऊंनी नवी बॅग आणून ठेवली होती. ती म्हणाली, राहू द्या बाबा, काही न्यायचं नाही.

या वर्षी मीनलने आईबाबांची तिकिटं काढली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. तिकडे तेव्हा झाडांची पानं पिवळी-लाल होऊन गळतात, ते बाबांना दाखवायचं तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. व्हिसा आला आणि समोरच्या घरात तक्ते लागले.

गुणवंतभाऊंनी आमच्या टेलरकडून गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट शिवून घेतला. सवय व्हावी म्हणून रोज दुपारी चार ते पाच तो घालून ओसरीवर बसू लागले. सप्टेंबरचा उकाडा, अंगावर कोट, हातात मोजे, आणि त्या मोज्यांतल्या बोटांनी कुलपाला किल्ली लावायची प्रॅक्टिस. कुरियरवाल्याने काळजीने विचारलं, काका, ताप आहे का.

लतावहिनींचा, म्हणजे गुणवंतभाऊंच्या बायकोचा, प्रश्न वेगळा होता. त्यांनी जन्मात साडीशिवाय काही नेसलेलं नाही आणि पुढेही नेसणार नव्हत्या. गुणवंतभाऊंनी तीन रात्री विचार करून तोडगा काढला, आत थर्मल, वर साडी, खाली बूट. त्याची तालीम सोमवारच्या बाजारात झाली. बुटांनी वहिनींचा वेग इतका वाढला की गुणवंतभाऊ पिशव्या घेऊन मागे राहिले आणि त्या भाजी घेऊन, घरी येऊन, चहा टाकून बसल्या. "याईच्यापेक्षा मीच लौकर पोचीन जर्मनीले," असं त्या मला म्हणाल्या.

बॅगा मात्र होईनात. गुणवंतभाऊ बांधायचे आणि सोडायचे. पाच वेळा बांधल्या, सहा वेळा बांधल्या. कधी हवा राहिली, कधी वजन एका बाजूला गेलं, कधी वहिनींचा शालूच नको वाटला. मला आधी गंमत वाटली. मग एक दिवस वहिनी हळूच म्हणाल्या की बॅग नीट झाली की हे तिच्याकडे बघत बसतात आणि मग उघडतात. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

जायला बारा दिवस होते, तेव्हा दुपारी गुणवंतभाऊ आमच्याकडे आले. कोट अंगात नव्हता. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, माझं एक काम करा, मीनलला फोन लावा. तिला सांगा, बाबांचा गुडघा धरलाय, डॉक्टर नाही म्हणतो, आईला एकटीला येऊ दे. तुमचं ती ऐकते.

त्याच सकाळी हा माणूस राऊतांच्या बॅगेवर उभा राहून चार फेऱ्या मारून आला होता. मी तसं बोलून दाखवलं आणि मास्तरकीच्या सवयीने जरा चढ्या आवाजातच म्हटलं, खोटं बोलायला हरकत नाही, पण काऊन, ते आधी सांगा.

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग बोलले.

"मॅडम, या गल्लीतल्या किती पोरायच्या बॅगा बांधल्या मी. समद्यायचे घरी फोन येतात. राऊताच्या पोराची कुकरची शिट्टी राह्यली. झाड्यायच्या सुनेचा ओवा राह्यला. आई, हे पाठव, बाबा, थे पाठवा. माह्या पोरीचा एक फोन नाई आला तसा. मी काई राहूच देलं नाई ना. अशी बांधली बॅग, का पाच वर्षात तिले घरून काईच लागलं नाई. आली तं काई नेलं बी नाई. मंग मी जाऊन काय करू तिथं? तिले आनखीन एक सामान."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आणि मीनलला दिलेला शब्द मी तिथेच मोडला. मोडल्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

गेल्या वर्षी आमची टूर जर्मनीत पोचली, तेव्हा मीनल ड्यूटी संपवून दोन तास गाडीने प्रवास करून आम्हाला हॉटेलवर भेटायला आली होती. खोलीत शिरली, कोपऱ्यातली नाडीने बांधलेली आ वासून पडलेली बॅग पाहिली आणि हसत सुटली. पोट धरून हसली, पलंगावर बसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं, दमली असेल. पण ती म्हणाली, "काकू, माही बॅग मी महिनाभर उघडलीच नव्हती. बाबानं बांधलेली. एकदा उघडली की तशी परत होनार नाई, हे मले मालूम होतं. खोलीत कोनी नव्हतं माह्यासोबत, थे बॅग होती. उघडली असती तं बाबाचा हात सुटला असता." बॅगेची एक बाजू तिने पुढे नाइलाजाने उघडली. दुसऱ्या बाजूची चेन तिने आजवर ओढलेली नाही. दिवाळीची साडी आणि वहिनींनी दिलेली गोधडी आत तशीच आहे. सुट्टीवर आली तेव्हा नवी बॅग नको म्हणाली, कारण आणखी एक बॅग अशी खोलीत ठेवून राहणं तिला झेपलं नसतं. हे बाबांना सांगू नका, आपली मेहनत वाया गेली असं त्यांना वाटेल, असं ती मला दोनदा बजावून गेली होती.

मी हे सगळं गुणवंतभाऊंना सांगितलं. मला वाटलं, ते रडतील, किंवा एवढी बांधलेली बॅग उघडलीच नाही म्हणून खट्टू होतील. त्यांचे हात मांडीवर होते आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता.

मग त्यांनी विचारलं, "महिनाभर?"

हो म्हटलं.

"म्हंजे पुरा ऑक्टोबर, आन नोव्हेंबरातले काई दिवस." ते मनाशी जुळवत होते. "स्वेटर समदे बॅगीत होते मॅडम. कोट बी आतच होता. मंग थंडीत घातलं काय पोरीनं?"

मला माहीत होतं ते मी सांगितलं. शेजारच्या खोलीत केरळची एक नर्स होती, तिचा जुना कोट मीनल घालायची. तो तिला फार मोठा व्हायचा.

"दुसऱ्याचा कोट," गुणवंतभाऊ म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. "मी इथं रोज सांगत होतो, आज चार हाय, आज दोन हाय. आन पोरगी तिथं कुडकुडून राह्यली होती."

मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तोवर ते फाटकापर्यंत पोचले होते. मी हाक मारली, मीनलला फोन करायचा ना, काय सांगू? ते वळले नाहीत. नुसताच नाही, नाही, असा हात हलवला आणि घरात गेले. थोड्या वेळाने बघते तर ते कोट घालून परत ओसरीवर बसले होते.

फोन मी केलाच. गुडघ्याचं काही बोलले नाही. बाबा येताहेत, एवढंच सांगितलं.