खिडकी म्हणून उघडलेलं दार

गाडी चालवायला परवाना लागतो, गाडीचं दार उघडायला लागत नाही. सुसंस्कृत समाजाची घडी अशीच बसलेली असते. अवघड काम परीक्षा घेऊन सोपवायचं आणि धोक्याचं काम येईल त्याच्या हातात द्यायचं.

मी मेलेनोवो गावच्या वाहतूक सुरक्षा परिषदेचा सचिव आहे (मानद, म्हणजे कॉफी आपल्या पैशाने). आमचा बनात प्रांत इतका सपाट, की गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे शाळेपुढचा गतिरोधक. त्यामुळे साठीपुढची सगळी माणसं सायकलवर असतात आणि गाड्या त्यांच्या मुलांकडे. एक पिढी दार उघडते, दुसरी त्यावर आदळते, आणि प्रकरण घरातल्या घरात मिटतं. गेल्या वर्षी परिषदेकडे दारांच्या तेवीस घटना आल्या. त्यांतल्या बाविसांत उघडणारा आणि आदळणारा एकमेकांचे नातलग निघाले. ही बावीस प्रकरणं डुक्कर कापायच्या दिवशी, तिसऱ्या ग्लासानंतर, खेळीमेळीने निकालात निघाली आणि प्रत्येक वेळी दोष सायकलचा ठरला. तेविसावं प्रकरण एतेल्काकाकूंचं. त्या गावात कुणाच्याच नात्यातल्या नाहीत, हा त्यांचा पहिला निष्काळजीपणा.

यावर कायदा काय म्हणतो? कायदा एकच वाक्य म्हणतो : उभ्या गाडीचं दार उघडणाऱ्याने आधी मागून कुणी येत नाही ना, ते बघावं. इतकं छोटं वाक्य पाहिलं की आमच्या वकिलांना त्याची दया येते. बिचाऱ्याला चार शब्द जोडीला मिळावेत म्हणून ते रात्रंदिवस झटत असतात.

आता घटना. ऑक्टोबर सरता सरता स्मिल्यामावशींकडे स्लावा होती. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. या दिवशी यजमान कुणाला बोलावत नाहीत आणि कुणी यायचं राहत नाही. येणं सोपं असतं, कठीण असतं ते जाणं. आमच्याकडे निरोप पाच ठिकाणी घ्यावा लागतो : टेबलाशी, उंबऱ्यात, फाटकात, गाडीपाशी आणि गाडी सुरू झाल्यावर. चौथ्यावर आटोपतं घेणारा पाहुणा उद्धट समजला जातो, आणि तो निघून गेल्यावर पाचव्या निरोपाच्या वेळात त्याच्याविषयी बोललं जातं.

मावशींचा भाचा झिवान बी-बियाणं विकतो. सज्जन माणूस आहे (त्याला ओळखणारे सगळे असंच म्हणतात, बियाणं उगवलं नाही तरी म्हणतात). चार निरोप घेऊन तो गाडीत बसला होता. शेजारच्या सीटवर केकची परात, तिच्यावर भाजलेलं डुकराचं पिल्लू कागदात गुंडाळून. मागची सीट अख्खी रिकामी. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला उभी, आणि आमच्याकडे चालक डावीकडे बसतो, म्हणजे त्याचं दार थेट वाहत्या रस्त्यात उघडतं. इंजिन सुरू झालं आणि मावशी हातात बरणी घेऊन फाटकातून धावत आल्या.

"अरे झिवान, थांब मेल्या! अय्वर राहिलं!"

"मावशी, चार बरण्या दिल्यात की!"

"त्या तुझ्या बायकोला. ही तुला. तिखट आहे, तिला दाखवू नकोस."

अय्वर म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांचं वाटण. ते नाकारणारा माणूस आमच्या प्रांतात अजून जन्माला यायचा आहे. मावशी गाडीला वळसा घालून चालकाच्या बाजूला, पुढच्या दिव्यापाशी आल्या. झिवानच्या बाजूची काच वसंतापासून अर्ध्यात अडकलेली होती आणि बरणी होती रुंद.

त्याच वेळी मागून एतेल्काकाकू सायकलवरून येत होत्या. तुम्हाला त्या दिसल्याच असतील. बुटक्या, डोक्याला निळा रुमाल. निम्म्या गावाच्या पँटींना चेन लावून देणाऱ्या. हँडलला सूपचा डबा. साखर कारखान्यापलीकडे वृद्धाश्रम आहे, तिथे त्यांची थोरली बहीण इलोना असते. इलोना सगळं विसरली आहे. नर्सने चमचा पुढे केला की दातांवर दात घट्ट मिटते. पण रोज संध्याकाळी एतेल्काकाकू जातात, म्हणतात, "इलुश, आ कर गं," आणि इलोना आ करते. डॉक्टरांच्या मते तिच्या डोक्यात आता एवढीच एक वाट शिल्लक आहे, आणि ती रोज चालली तरच टिकेल.

झिवानने दार उघडलं.

आवाज झाला. काकू दाराच्या कडेवर आदळून रस्त्यावर पडल्या. मावशी दचकल्या, बरणी हातातून सुटली आणि सगळा रस्ता लालभडक झाला. "रक्त! रक्त!" करत माणसं बाहेर आली. कुणी मटकन खाली बसलं, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. मग शेजारच्या बाईंनी वाकून वास घेतला आणि ओरडल्या, "अहो, अय्वर आहे!" सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाठोपाठ हळहळही झाली, कारण तिखटाची ती यंदाची शेवटची बरणी होती. सूपही सांडलं होतं, पण रंगाने फिकट असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

काकूंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात आणि सायकल बंद. त्या संध्याकाळी इलोना जेवली नाही (हे परिषदेच्या कार्यकक्षेत येत नाही, संदर्भासाठी नमूद).

झिवानला मनापासून वाईट वाटलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. तो पुढे धावला आणि "काकू, माझी..." इथपर्यंत बोललासुद्धा. पण पाहुण्यांत विमा एजंट ओब्राद होते, आणि त्यांनी तत्परतेने त्याच्या तोंडात केकचा तुकडा कोंबला. एक निष्पाप माणूस बालंबाल वाचला. मग ओब्राद यांनी फाटकाला टेकून जमलेल्यांना मार्गदर्शन केलं. निकाल लागेपर्यंत खालील गोष्टी गुन्ह्याची कबुली समजल्या जातील :

"माफ करा" म्हणणं;
"कसं आहे आता?" असं प्रश्नचिन्हासकट विचारणं (प्रश्नचिन्हाशिवाय चालेल);
जखमी व्यक्तीला गाडीत घेणं;
तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त दुःखाने बघणं;
तिच्यासमोर कोणतीही वस्तू उघडणं, कारण वाद नेमका उघडण्यावरच आहे.

"आणि अय्वर नेऊन दिलं तर?" मावशींनी विचारलं.

ओब्राद यांनी विचार केला. "अय्वर चालेल. अय्वर आपण सगळ्यांनाच देतो."

झालं. आठवडाभरात एतेल्काकाकूंच्या स्वयंपाकघरात अय्वरच्या बरण्यांची रांग लागली. आमचं गाव माणुसकीत कुठेही कमी पडत नाही. फक्त एका हाताने बरणीचं झाकण उघडत नाही, आणि पाचवा मुद्दा लक्षात घेऊन ते कुणी उघडून दिलं नाही.

काकूंची मागणी काय होती, हे ऐकून मला सचिव म्हणून धक्का बसला. मी त्यांच्या घरी गेलो होतो (बरणी घेऊन).

"नुकसानभरपाई किती मागणार आहात?" मी विचारलं.

"पैसे नकोत हो मला. ज्याने दार उघडलं त्याने तेच दार आणखी एकदा उघडावं. हात बरा होईपर्यंत संध्याकाळी मला इलोनाकडे सोडावं. दहा मिनिटांचं तर काम आहे."

"बस असते की."

"ती सकाळची, कारखान्याच्या पाळीची. संध्याकाळी कुठली बस? चालत गेले दोनदा. पाऊण तास हात ठणकत होता आणि पोचेपर्यंत ताटं उचलली होती." मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचीही गाडी आहे ना?"

मी त्यांना समजावलं, की मी तटस्थ संस्थेचा पदाधिकारी आहे. तटस्थ माणसाने एका पक्षाला गाडीत घेतलं तर तो तटस्थ कसा राहील? त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी उठून एका हाताने मला घराचं दार उघडून दिलं.

प्रकरण न्यायालयात गेलं. आमचं न्यायालय साखर कारखान्यापलीकडे आहे, वृद्धाश्रमाच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे सुनावणीच्या दिवशी गावातून त्या दिशेला गाड्यांची रांगच लागायची : झिवानची, ओब्राद यांची, साक्षीदारांची, माझी. सुनावण्या दुपारी सुरू होऊन संध्याकाळी संपत. प्रत्येक गाडीत मागची सीट रिकामी. वाटेत उजव्या कडेने एतेल्काकाकू चालत असायच्या, गळ्यात हात, दुसऱ्या हातात डबा. गाव सभ्य आहे. प्रत्येकाने गाडीचा वेग कमी केला, प्रत्येकाने हॉर्न वाजवून नमस्कार केला. दार मात्र कुणाचंच उघडलं नाही. एकदा हँडलला हात न लावता उघडलं म्हणून गाजलेलं ते झिवानचं दारसुद्धा (होय, त्याचं पहिलं म्हणणं तेच होतं) आता कुलूप ठोकल्यासारखं मिटलेलं होतं.

पुढे नोव्हेंबरचा वारा सुटला, रस्ते निसरडे झाले आणि डॉक्टरांनी त्यांचं चालणंही बंद केलं.

न्यायाधीश नेवेंकाबाई शांतपणे सगळ्यांचं ऐकत होत्या. झिवान म्हणाला, मावशींनी हाक मारली नसती तर मी दाराला हात लावला नसता. मावशी म्हणाल्या, पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं का? ("चार बरण्या घेऊन," लेखनिकाने नोंद केली.) ओब्राद म्हणाले, टाळी एका हाताने वाजत नाही.

"माझी तर हल्ली वाजतच नाही," काकू मागून म्हणाल्या. त्यांना समज देण्यात आली.

मग झिवानच्या वकिलांनी आमच्या न्यायालयाच्या इतिहासातला सर्वांत तेजस्वी मुद्दा मांडला. काच अडकलेली होती, ही गोष्ट निर्विवाद. काच चालू असती तर बरणी खिडकीतून आत आली असती, हेही निर्विवाद. म्हणजे माझ्या अशिलाने जे उघडलं ते आकाराने दार असलं तरी कार्याने खिडकी होतं. त्याने दार खिडकी म्हणून उघडलं. आणि खिडकी उघडण्याआधी मागे बघावं, असं कायद्यात कुठे आहे?

नेवेंकाबाईंनी कायदा उलटसुलट करून पाहिला. नव्हतं.

निकालपत्राचा सारांश असा. झिवान दोषी नाही, कारण त्याने खिडकी उघडली. मावशी दोषी नाहीत, कारण त्यांनी परंपरा पाळली. बरणी दोषी नाही, ती स्वतःच फुटली आहे. काकू दोषी आहेत असंही म्हणता येत नाही, कारण त्या आपल्या बाजूने, आपल्या वेगाने, सूप घेऊन चालल्या होत्या. मात्र ज्या अर्थी हाड मोडलेलं आहे, त्या अर्थी दोष कुणाचा तरी आहेच. सबब, या घटनेस ती व्यक्ती जबाबदार धरण्यात येते, जिला (अ) मागून सायकल येताना स्पष्ट दिसत होती, (आ) दार उघडणार हे आधीच ठाऊक होतं, आणि (इ) तरीही जिने ब्र काढला नाही. नावाची जागा रिकामी. नाव शोधण्याचं काम वाहतूक सुरक्षा परिषदेकडे, म्हणजे माझ्याकडे, सोपवण्यात आलं.

काकूंचा हात डिसेंबरात सुटला. पहिल्याच संध्याकाळी त्या सायकलवर डबा लटकावून वृद्धाश्रमात गेल्या. इलोना आता नर्सच्या हातून जेवत होती. चमच्याने, व्यवस्थित. एतेल्काकाकू खुर्ची ओढून बसल्या, चमचा पुढे केला आणि म्हणाल्या, "इलुश, आ कर गं."

इलोनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग नर्सकडे पाहिलं आणि दातांवर दात घट्ट मिटले. "या बाई कोण?" तिने नर्सला विचारलं.

(वार्षिक अहवालात आम्ही हे 'रुग्णाची प्रगती' या सदरात घातलं आहे. कारण ती आता कुणावर अवलंबून नाही.)

राहता राहिली ती रिकामी जागा. मी बरीच चौकशी केली. झिवान समोर बरणीकडे बघत होता, मावशी झिवानकडे. पाहुणे पाचव्या निरोपात गुंतलेले. मागून येणारी सायकल, निळा रुमाल आणि सूपचा डबा यांसकट, त्यांच्यापैकी एकालाही दिसली नव्हती. ती दिसली होती फक्त तुम्हाला. दार उघडणार हे तर तुम्हाला मथळ्यापासून ठाऊक होतं. तुम्ही "काकू, जपून!" म्हणाला नाहीत. उलट रस्ता लाल झाला आणि ते अय्वर निघालं, तेव्हा तुम्ही हसलात. काकू त्या वेळी खालीच पडलेल्या होत्या.

तेव्हा रिकाम्या जागी तुमचं नाव घालून कागद रवाना केला आहे. हरकत असल्यास न्यायालयात जातीने हजर राहून नोंदवावी. पत्ता साखर कारखान्यापलीकडचा. संध्याकाळी त्या बाजूला बस नाही, चालत यावं लागेल. आमच्या गाड्या तिकडे जातच असतात आणि मागची सीटही रिकामी असते, पण तुम्ही आता एक पक्ष आहात. वाटेत दिसलात तर हॉर्न मात्र नक्की वाजवू.