नानांनी वाय दाबलं

सिद्धेश्वरअप्पांनी मेनचा खटका खाली ओढला तेव्हा पावणेदहा वाजले होते, आणि त्यांच्या मुलाच्या, संगमेशच्या, कॉम्प्युटर क्लासचं उद्घाटन साडेदहाला होतं.

अप्पांचा यात काही दोष नव्हता. निदान अप्पांच्या मते. युसूफ वडगावच्या बाजारात त्यांचं पेंडीचं दुकान एकतीस वर्षं होतं. रोज गल्ल्याजवळच्या महादेवापुढे दिवा लावायचा, तर डोक्यावरचा पंखा ज्योत धरू देत नसे. पंख्याचं बटण केव्हाच तुटलेलं. म्हणून अप्पा सरळ मेन बंद करत, दिवा लावत, हात जोडत आणि ज्योत नीट धरली की मेन पुन्हा वर करत. बाजूच्या खोलीत आजवर सरकी पेंडीची पोती असत. पोत्यांना लाईट गेल्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"अप्पा! आत मशीन चालू हाय ना! मेन कावून बंद केलं?"

"दिवा इझत होता."

"आवो, पण मला इचारायचं तरी!"

"देवाला दिवा लावायचा तर तुला इचारू?" अप्पा म्हणाले. "आन हे बघ, आज ते चाललं तर चाललं. न्हाई तर उद्या पेंडीची गाडी येतीय. पोती आत."

ही खोली संगमेशनं सहा महिने अप्पांच्या मागं लागून मिळवली होती. कॉम्प्युटर लातूरहून जुना आणलेला. मित्रानं, रुद्रेशनं, त्यात मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं, विंडोजऐवजी चालणारं लिनक्स घातलं होतं आणि छाती ठोकून सांगितलं होतं, की याला व्हायरसचा रोग म्हणून लागत नाही. रोग नव्हताच लागला. पण लाईट आल्यावर मशीन सुरू झालं, इंग्रजीत चार ओळी बडबडलं आणि हटून बसलं. मला हातानं दुरुस्त करा, असं त्याचं म्हणणं होतं.

संगमेश समोरच्या एसटीडी बूथवर पळाला.

"घाबरू नको बे," रुद्रेश फोनवर म्हणाला. "दुरुस्तीचा हुकूम सांगतो, लिहून घे. मंग ते एकेक इचारत जाईल. वाय म्हंजी हो, एन म्हंजी न्हाई. डोकं लावायचं न्हाई, वाय दाबत ऱ्हायचं."

"किती येळ?"

"त्याचं इचारून होईस्तोवर."

एक आशा होती. उद्घाटक, तालुक्याचे पुढारी सुंदरराव नाना आजवर कोणत्याच कार्यक्रमाला दोन तासांच्या आत पोहोचले नव्हते. संगमेशनं परत येऊन हुकूम दिला आणि मागं वळून पाहिलं, तर नाना फेटा बांधून दारात उभे! अलीकडच्या गावचा सत्कार ऐनवेळी रद्द झाला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते संगमेशला त्या दिवशी कळलं.

फीत कापली गेली, नारळ फुटला. आसपासच्या गावांतून आलेली माणसं खिडकीला लटकली. नाना खुर्चीत बसले. ठरलं होतं असं, की नानांनी एक बटण दाबायचं आणि पडद्यावर त्यांनी बेचाळीस गावांत केलेली कामं दिसायची. नानांच्या पत्रकावरून संगमेशनं ती बारा दिवस खपून भरली होती. प्रत्येक गावाची वेगळी फाईल, आणि फाईलला गावाचं नाव.

"कोनतं बटन?" नानांनी बोट उगारलं.

पडद्यावर पहिला प्रश्न येऊन थांबला होता. संगमेशनं घाईघाईनं कीबोर्डवर बोट ठेवलं.

"हे... हे वाय दाबा, नाना."

नानांनी दाबलं. टाळ्या पडल्या. दुसरा प्रश्न आला. नानांनी पुन्हा दाबलं. पुन्हा टाळ्या. विसाव्या प्रश्नाला टाळ्या थकल्या, पण मशीन थकेना.

"काय म्हणतंय ते?"

"फाईल घावली, पण तिचा ठावठिकाणा न्हाई. ठेवून घेऊ का, म्हणतंय."

"ठेव म्हणावं. माझ्याकडं बी लई ठेवलेल्या हायत."

"नाना, मी दाबतो की. तुमी च्या घ्या."

"गप बस! पंचवीस वर्सं हेच करतोय मी. समोरचा काय बी मागू दे, आपुन हो म्हणायचं. माणूस खुशीत घरी जातंय."

आणि नाना अर्धा तास हो म्हणत राहिले. शेवटी प्रश्न संपले, मशीन सुरू झालं. संगमेशनं देवाचे आभार मानले आणि कामांच्या फायलींची पेटी उघडली. ती रिकामी होती. घाबऱ्या घाबऱ्या शोधलं, तेव्हा सगळ्या फायली मशीनच्या हरवलं-सापडलंच्या खान्यात एकावर एक पडलेल्या दिसल्या. आतला मजकूर शाबूत होता. फक्त गावांची नावं जाऊन प्रत्येकीला नुसता नंबर लागला होता.

"दाव की आता!" नाना गरजले.

संगमेशनं पहिली उघडून वाचली. "डांबरी रस्ता, दोन किलोमीटर. पूर्ण."

"कोन्या गावचा?" खिडकीतून बंकट नावाच्या शेतकऱ्यानं विचारलं.

"गावाचं नाव गेलंय. काम ऱ्हायलंय."

"त्यात काय!" नाना लोकांकडे वळले. "ज्याच्या गावचा हाय, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"आमच्यात न्हाई," एकजण म्हणाला.

"आमच्यात बी न्हाई. आमी तर चिखलातून आलोत."

"फुडलं वाच!" नाना घाम पुसत म्हणाले.

"पाण्याची टाकी. पूर्ण."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"समाजमंदिर. पूर्ण."

"आमच्यात नुसता पाया हाय," बंकट म्हणाला. "त्यात म्हशी बसत्यात."

हशा असा उसळला, की खिडकी खिळखिळी झाली. नाना उठले. "मशीन बिघडलंय हे!" एवढं म्हणून ते निघाले, आणि जीपच्या धुराळ्यामागं गर्दीही पांगली.

संगमेश डोकं धरून बसला. सहा महिन्यांची मिनतवारी पाण्यात गेली होती. दारात अप्पा उभे होते. आता पोत्यांचं नाव निघणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

निघालंही. "सुग्रीव!" अप्पांनी हमालाला हाक मारली. "उद्याची पोती मागल्या शेडात टाकायची. इथं एक बी आनू नको."

"अप्पा?"

"एकतीस वर्सं तराजू धरलाय मी," अप्पा म्हणाले. "खरं माप देनारं यंत्र घरात आलं, तर त्येला जागा द्यावी लागती."

संगमेशला रडू आलं, ते त्यानं कीबोर्ड पुसण्याच्या निमित्तानं लपवलं.

दिवेलागणीला अप्पा काडेपेटी घेऊन उठले. सवयीनं हात मेनकडे गेला आणि तिथंच थबकला.

"संगमेश, त्येला इचार. मेन बंद करू का, म्हणावं."

संगमेशनं मशीन रीतसर बंद केलं.

"हो म्हणलं का?"

"म्हणलं, अप्पा."

अप्पांचा हात अजून खटक्यावरच होता. "नानावानी न्हाई ना?"