टिटवीची बढती

जंगलात, बाळांनो, बातम्या खूप असतात, पण पुऱ्या ऐकू येतील तर शपथ. त्या दिवशी सकाळी माझ्या उंबराखालून सातभाईंचा थवा कलकलत चालला होता. त्यातला एक म्हणाला, "भिवरा टिटवी जंगल सोडून गेली म्हणे. आणि जाताना बरोबर अख्खा..."

तेवढ्यात त्यांना पाचोळ्यात अळी दिसली. सगळे तिकडे पळाले.

आता सांगा, अख्खा काय? मी साधी साळुंकी. उंबराच्या ढोलीत राहते. भिवरा माझी शेजारीण, खाली पाणवठ्याच्या काठावर, गोट्यांमध्ये तिचं घर. मी कुणाच्या घरात डोकावत नाही. माझ्या ढोलीचं तोंडच तिच्या घराकडे आहे, त्याला मी काय करू?

"अख्खा खजिना नेला असेल," शेजारची कावळीण म्हणाली. "एवढी खरं बोलणारी बाई. आत काहीतरी असणारच."

तर ते "अख्खा काय" मी शोधून काढलंच. पण आधी पहिल्यापासून ऐका.

आमच्या जंगलाचा राजा वाघ. त्याचं प्रजेवर फार प्रेम. कधी भोवळ येईल अशी भूक लागली की तो प्रजेतलंच कुणीतरी खायचा, पण मग त्याला वाईट वाटायचं. म्हणून त्याने स्वतःच एक खातं काढलं. इशारा खातं. वाघ पाणवठ्याकडे यायला लागला की खात्याने ओरडायचं, आणि प्रजेने पळायचं. किती छान की नाही?

खात्याचे मुख्य होते वानरसाहेब. ते अर्जुनाच्या झाडावर, सगळ्यात उंच फांदीवर बसायचे. खाली जमिनीवरची पाहणी भिवराकडे. तिने गवतात पट्टे पाहिले की वर साहेबांना सांगायचं, आणि साहेबांनी "खॅक खॅक" करून जंगल उठवायचं. या कामापोटी भिवराला काठावरची जागा राहायला मिळाली होती. तिथेच तिने अंडी घातली होती.

त्या उन्हाळ्यात वानरसाहेब अंगाने सुटले. मिशांना पिवळं काहीतरी लागलेलं असायचं. जवळ गेलं की आंब्याचा वास यायचा.

आणि आंबे तर एकाच ठिकाणी होते. वाघाच्या गुहेमागच्या राखीव आमराईत. तिथे कुणालाही मज्जाव.

एका संध्याकाळी भिवराने पट्टे पाहिले. "साहेब, आले," ती म्हणाली.

साहेब कोय चोखत होते. "कोण आलंय?"

"राजे. करवंदीच्या जाळीमागे."

"खात्री करून घे. उगाच जनतेत घबराट नको."

"साहेब, शेपूट दिसतंय."

"शेपूट कुणाचंही असू शकतं, भिवराबाई."

मग एक चितळीण गेली. तिचं पाडस पाण्यातच उभं राहिलं, त्याला कळेना आई कुठे गेली. वाघ जेवून ढेकर देत निघाला, तेव्हा साहेबांनी कोय टाकली आणि असा काही "खॅक खॅक" केला की डोंगर घुमला.

बघा, इशारा दिला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. इशारा रोज मिळायचा. फक्त जेवणानंतर.

भिवराच्या मालकांनी, म्हणजे टिटव्याने, तिला समजावलं. मी ऐकत नव्हते, ऐकू आलं.

"अगं, अंडी फुटेपर्यंत तरी गप्प बस. घर खात्याचं आहे. अंडी उचलून नेता येतात का आपल्याला?"

"आणि ते पाडस?"

"आपल्या अंड्यात पाडस आहे का?"

भिवरा अंड्यांवर जाऊन बसली. पण पुढच्या वेळी पट्टे दिसले तेव्हा तिने वर पाहिलंच नाही. तिने स्वतःच तोंड उघडलं. टिटवीचा आवाज तुम्हाला माहीत आहे. मेलेला उठून बसेल. चितळं उधळली, रानडुकरं उधळली, वाघ उपाशी घरी गेला. आणि दुसऱ्या दिवशी भरसभेत भिवरा म्हणाली, "साहेब आंब्यांसाठी इशारा उशिरा देतात. मिशा बघा त्यांच्या."

सगळ्यांनी मिशा सोडून सगळीकडे बघितलं.

चौकशी तर व्हायलाच हवी. राजाने खवल्या मांजराला चौकशी समिती नेमलं. पण त्याला प्रश्न विचारला की ते अंगाचा चेंडू करतं. भिवराने विचारलं, "तुम्ही आमराईत जाऊन कोयी बघणार का?" झाला चेंडू. उतारावरून जी समिती घरंगळत गेली ती थेट आमराईत थांबली. तिथे वारुळं फार सुरेख आहेत म्हणे. समिती परत आली ती मुंग्या चाटतच. म्हणाली, "आंब्याचा आणि मिशांचा संबंध आढळत नाही."

मग मात्र साहेबांनी मन मोठं केलं. त्यांनी भिवराचा सत्कार ठेवला.

शाल म्हणून सागाचं मोठं पान, श्रीफळ म्हणून बेलाचं फळ. साहेब म्हणाले, "अशा निर्भीड कर्मचारी जमिनीवर शोभत नाहीत. मी त्यांना बढती देतो. उद्यापासून त्या माझ्या शेजारी, वरच्या फांदीवर. अंगावर शाल हवीच, जंगलाला आदर्श दिसला पाहिजे."

टाळ्या काय, शेपट्या काय, नुसता धुमाकूळ. मीही वाजवल्या पंखांच्या. मग माझ्या लक्षात आलं.

बाळांनो, टिटवी झाडावर बसत नाही. तिला बसताच येत नाही. फांदी धरायला पायाला मागचं बोट लागतं, आणि तिचं ते नावापुरतं असतं.

"नाही म्हण," मी तिला सांगितलं.

"नाही म्हटलं तर नोकरी गेली, साळूताई. नोकरी गेली की घर गेलं. अंडी फुटायला आलीत. तेवढं तगायचं."

मग सुरू झाली गंमत. भिवरा फांदीवर बसायची, पडायची, उडून वर यायची, परत पडायची. शाल अंगावर, बेलफळ बगलेत. खाली टिटवा अंड्यांवर बसून वर बघायचा आणि डोळे मिटायचा. साहेब म्हणायचे, "भिवराबाई, कामात स्थैर्य हवं."

चितळिणी झाडाखाली येऊन हळूच सांगायच्या, "ताई, तुमचं फार धाडस हो. फक्त आमचं नाव कुठे घेऊ नका." आणि चारचौघांत म्हणायच्या, "टिटवी ओरडली की अपशकुन होतो."

आणि मग ती संध्याकाळ. अंड्यांना आतून टोचा बसत होत्या. मला इथून दिसत होतं. पाडस पाण्यावर आलं होतं. आणि अर्जुनाच्या बुंध्याशी, करवंदीच्या जाळीमागे पट्टे.

साहेबांनी नवीन आंबा फोडला.

भिवराने खाली अंड्यांकडे पाहिलं. पाडसाकडे पाहिलं. एक रात्र गप्प बसली असती तर सगळं मार्गी लागलं असतं. तिने छाती भरून घेतली आणि ओरडली, आणि ओरडण्याच्या नादात पाय सुटला. भिवरा, शाल आणि बेलफळ, सगळे एकदम खाली. बेलफळ वाघाच्या टाळक्यात. शाल वाघाच्या डोळ्यांवर. राजाने त्या पानाशी जी झुंज दिली तशी झुंज त्याने आयुष्यात कुणाला दिली नसेल. पाडस तोवर टेकडीपलीकडे गेलं होतं.

भिवराला लगेच काढून टाकलं. ओरडल्याबद्दल नाही हं. ओरडणं तर तिचं कामच. सत्काराच्या शालीचा गैरवापर केल्याबद्दल.

घर तेव्हाच रिकामं करायला सांगितलं. पिल्लं बाहेर आली होती, ओली, लटपटत. टिटवीची पिल्लं जन्मतःच चालतात, तेवढं बरं. एक अंडं मात्र फुटलं नाही. भिवरा त्याच्यापाशी थोडा वेळ उभी राहिली. मग सगळे रांगेने गेले.

दुसऱ्या दिवशी ती सातभाईंची बातमी. अख्खा काय? मला घास गोड लागेना. शेवटी एकाला उंबर चारून विचारलंच.

"अगं, अख्खा पाणवठा," तो म्हणाला. "अख्खा पाणवठा घेऊन गेली."

मी बघून आले. तर ती बातमी खरीही आहे आणि खोटीही. भिवराने जंगल सोडलेलं नाही. ओढा ओलांडून पलीकडच्या गोट्यांत राहते. तिथे एक डबकं आहे, गढूळ. पाणवठा नेलेला नाही, तो आहे तिथेच आहे, निळाशार. फक्त तिथे प्यायला कुणी येत नाही. चितळं, डुकरं, ससे, सगळी त्या गढूळ डबक्यावर. तिच्याशी कुणी बोलत नाही हं. ती दिसली की मान फिरवतात. पण पाणी तिच्या शेजारीच पितात. पाडससुद्धा.

ती एकटीच फेऱ्या घालते. मी गेले तर म्हणाली, "साळूताई, ते अंडं अजून तिथेच आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

उपाशी वाघाने आमराई बंद केली. त्यामुळे वानरसाहेब आता अगदी वेळेवर इशारा देतात. एवढा मोठा, एवढा खणखणीत. रिकाम्या पाणवठ्याला. यंदा त्यांचा सत्कार आहे.

तात्पर्य: बाळांनो, कामाच्या जागी काही वावगं दिसलं तर मुळीच ओरडू नये. ओरडणारं दुसरं कुणीतरी निघतंच. आपण टाळ्या वाजवाव्यात, मान फिरवावी, आणि ती कुठल्या काठावर राहायला गेली तेवढं मात्र नीट विचारून ठेवावं. पाणी तिथेच प्यायचं असतं.