कंसातला बंडू

लातूर-सोलापूर रस्त्यावर जिथवर एसटी धावते, तिथवर आपल्या तोडीचा रहस्यभेदक नाही, असं औशाच्या भुजंगरावांचं ठाम मत होतं. नोकरीभर त्यांनी एसटीत तिकीट तपासनीसाचं काम केलं होतं. माणूस खिशात हात कसा घालतो, एवढ्यावरून तो विनातिकीट आहे, सोलापूरचा आहे आणि बायकोला भितो, ही तिन्ही अनुमानं ते एका दमात काढत. त्यातली निदान दोन चुकत, पण मोठ्या माणसानं बारीकसारीक हिशेबात पडू नये. निवृत्तीनंतर त्यांनी दारावर पाटी लावायची म्हटली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, सिंधुकाकूंनी, आधी घरातला हरवलेला खलबत्ता शोधून द्या म्हणून अट घातली. पाटी अजून लागलेली नाही.

अशा माणसाच्या शेजारी, त्यांचे चुलतभाऊ शेषेराव यांच्या घरात, लग्न दोन दिवसांवर असताना सगळे नातेवाईक एकदम गायब झाले.

म्हणजे माणसं जागेवर होती, नावं गायब झाली होती. शेषेरावांच्या वर्षाराणीचं लग्न नांदेडच्या एका प्राध्यापकाच्या मुलाशी ठरलं होतं. निमंत्रणाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर दोन्हीकडच्या पाहुण्यांना गेला, आणि त्यात ‘आपले नम्र’च्या पुढे एकट्या शेषेरावांचं नाव होतं. बायको नाही, भाऊ नाहीत, मावश्या नाहीत. मुखेडचा मामासुद्धा नाही.

बाकीचे रुसले असते तर जेवणाच्या वेळेपर्यंत आले असते. पण मामाचं तसं नव्हतं. नवरीला बोहल्यावर घेऊन येणार मामा, तिच्या पाठीशी उभा राहणार मामा, आणि मामानं फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. दाजींना एकट्यालाच लग्न लावायचंय तर लावा, असं म्हणून त्यानं फोन बंद करून टाकला. तेव्हापासून वर्षाराणीची आई सुभद्राबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या.

भुजंगराव धोतर सावरत आले आणि त्यांनी सगळ्यांना बसल्या जागी बसवलं. मधला दांडा धरून उभं राहायची सवय अजून गेली नव्हती, म्हणून त्यांनी मांडवाचा बांबू धरला.

पहिली जबानी रविकिरणची झाली. रविकिरण हा शेषेरावांचा पुतण्या. लातुरात संगणकाचं काम करतो, आणि मजकूर त्यानंच पाठवला होता. त्यानं सरळ सांगितलं, की मूळ मजकुरात सगळी नावं होती आणि प्रत्येक नावापुढे कंसात घरचं नाव होतं, कारण आपल्याकडं कागदावरच्या नावानं कुणी कुणाला ओळखत नाही. पण प्राध्यापकांच्या घरात हे बंडू, गुंडू, माई, अण्णा बरं दिसणार नाही, असं काकांना वाटलं. ते काढायला त्यानं पायथनमध्ये एका ओळीचा प्रोग्राम लिहिला. कंस उघडल्यापासून कंस मिटेपर्यंत जे असेल ते शोधायचं आणि त्याच्या जागी काहीच ठेवायचं नाही. मागच्या लग्नांतही त्यानं हेच केलं होतं, काही बिघडलं नव्हतं.

“यंत्राला हेतू नसतो,” भुजंगराव म्हणाले आणि त्याला बाजूला केलं. उत्तर पहिल्याच जबानीत सापडणं त्यांच्या पेशाला शोभलं नसतं.

मग संशय नांदेडकरांवर गेला. आपली माणसं कमी दिसावीत म्हणून त्यांनी हे केलं असावं. पण मजकूर त्यांच्याकडे जाण्याआधीच नावं गेली होती, तेव्हा तो संशय आपोआप उतरला. मग शेषेरावांवर आला. ज्याचं नाव उरलं त्याचाच फायदा, हे साधं गणित. शेषेरावांनी हातातली अक्षतांची पिशवी खाली ठेवली आणि भावाकडं असं बघितलं, की तो संशयही पुढच्या थांब्यावर उतरला.

तेवढ्यात चुलीमागून आचारी गुरुपादप्पाचा आवाज आला. गडी उदगीरकडचा, फोनवर कुणाला तरी ‘बदनेकाई, बदनेकाई’ म्हणून दटावत होता. भुजंगरावांचे कान टवकारले. सांकेतिक भाषा होती, आवाज दबका होता, आणि माणूस बाहेरचा होता. त्यांनी गुरुपादप्पाला कुठून बसलास आणि कुठं जायचंय, असं विचारलं. गुरुपादप्पा गोंधळून म्हणाला, की बसलो न्हाई, सकाळपासून उभाच हाय, आणि तुमचीच वांगी आली न्हाईत.

“अहो, बदनेकाई म्हणजे कानडीत वांगं,” सिंधुकाकू म्हणाल्या. “ह्या तपासापायी भाजी व्हायची न्हाई आता.”

वर्षाराणी कोपऱ्यात दोन्ही हात पसरून बसली होती. कोपरापर्यंत ओली मेंदी होती. ती नांदेडच्या एका कॉलेजात संगणक शिकवायची, पण नवरीला कुणी काही विचारत नाही, आणि भुजंगराव तर मुळीच नाहीत. तिनं रविकिरणला मूळ मजकूर वाचून दाखवायला सांगितला. तो वाचायला लागला, वाचतच राहिला, आणि मध्ये श्वास घ्यायलाही थांबला नाही.

“हे सगळं एकाच ओळीत हाय का रे?” तिनं विचारलं.

एकाच ओळीत होतं. मजकूर भुजंगरावांनी मोबाइलवर बडवून दिला होता, आणि जागा वाया घालवणं त्यांना मान्य नसल्यामुळे नव्या ओळीचं बटण त्यांनी जन्मात दाबलं नव्हतं.

“मग बरोबर झालं,” वर्षाराणी म्हणाली. “तू त्याला मिटलेल्या कंसापर्यंत जा म्हणलास. कोणत्या, ते कुठं सांगितलंस? तो हावरट असतो. एका ओळीत एकच नाव असलं की पुढं कंसच नसतो, म्हणून बचावतो. इथं पहिला कंस अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, नावापुढं उघडला, आणि हा पठ्ठ्या ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत सगळं खात गेला.”

“म्हणजे तिकीट औशाचं आणि गेला थेट सोलापूरला,” भुजंगराव पुटपुटले. एवढं त्यांना कळलं.

“व्हय. पहिला थांबा आला की उतर, असं सांगायला ताऱ्याच्या चिन्हापुढं एक प्रश्नचिन्ह टाकावं लागतं. एवढंच.”

रविकिरणनं विचारलं, की शेवटचा कंस कोणाचा. सगळे वाचायला वाकले. ओळीच्या अगदी टोकाला, कोणी सांगितलं नसताना, लिहिलेलं होतं: भुजंगराव (सुप्रसिद्ध रहस्यभेदक).

भुजंगरावांनी बांबू सोडला आणि वांगी आलीत का ते बघायला निघून गेले.

प्रश्नचिन्ह टाकलं, सगळी नावं परत आली, नीटनेटकी, बिनकंसाची. मजकूर पुन्हा गेला आणि थोड्या वेळानं मुखेडहून सुभद्राबाईंना फोन आला. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

“अक्का, ह्यो बालाजी कोण हाय?” मामा म्हणाला. “पाळण्यात असताना तू मला बंडू म्हणलीस. आता आई न्हाई, दादा न्हाई, बंडू म्हणणारी तू एकटी राहिलीस. त्या नावाची पाव्हण्यांपुढं लाज वाटायली व्हय तुला?”

सुभद्राबाईंनी पुन्हा पदर डोळ्याला लावला. फोन शेषेरावांनी घेतला. चूक माझी, तिची नाही, असं ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मेव्हण्याला बंडू म्हणाले. मग त्यांनी रविकिरणला सांगितलं, की मूळ मजकूर होता तसा पाठव, कुणाचं काही काढू नको. तो तसाच गेला, शेवटच्या कंसासकट.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी माइकवरून पुकारलं, की मुलीचे मामा बालाजीराव यांनी नवरीला घेऊन यावं. कुणीच उठलं नाही. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. मामा पुन्हा गायब झाल्याचं भुजंगरावांनी ताबडतोब ओळखलं, आणि ते मांडवाच्या दाराकडं धावले सुद्धा. पहिल्या रांगेत बसलेला एक फेटेवाला माणूस मात्र हा बालाजीराव कोण म्हणून मान वळवून मागं बघत होता.

“बंडू,” सुभद्राबाई म्हणाल्या, “ऊठ, पोरगी वाट बघायली.”

तो उठला.